आधी पडून घ्या

“आधी पडून घ्या,” अक्का म्हणायच्या.

सरावाच्या आधी, सामन्याच्या आधी, नुसतं मैदान बघायला गेलो असलो तरीसुद्धा. पायात चार चाकांचे स्केट आणि हातात बाकदार काठी घेऊन उभ्या असलेल्या मुली मग एकामागून एक सिमेंटवर धपाधप पडायच्या, उठायच्या आणि कंबर चोळत आपापल्या जागेवर जायच्या. सगळ्या पडून झाल्या की अक्का मान हलवायच्या. “सरी. आता खेळा.”

कुंपणाबाहेर उभे असलेले बघे खो खो हसायचे. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही हसला असतात. मीही हसले होते, आणि त्या हसण्यामुळेच अक्कांच्या तावडीत सापडले.

नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. नागपूरहून मी बंगलोरला एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आले आणि राजाजीनगरात अक्कांच्या घराच्या माडीवर भाड्याने राहू लागले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून तिथलंच. घरात मराठी बोलत, पण तिच्यात ‘सरी’ म्हणजे ठीक, ‘स्वल्प’ म्हणजे जरा, असं कानडी इतकं मिसळलेलं, की सुरुवातीला मला अर्धं बोलणं अंदाजाने समजून घ्यावं लागे. रस्त्याच्या अंगाला त्यांच्या भावाचं कापडाचं दुकान होतं. परकर, अस्तरं, ब्लाउजपीस. अक्का दिवसभर तिथे बसून कापड मोजून द्यायच्या. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने काटक, केसांचा घट्ट अंबाडा. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

सकाळी उजाडायच्या आत अंगणातून घरघर आवाज यायचा. चारपाच दिवस सहन केलं आणि मग मी भांडायच्या तयारीनेच खाली उतरले. अंगणात अक्का आणि सहासात पोरी स्केट घालून गोल गोल फिरत होत्या.

“अक्का, वर माणसं झोपतात हो!”

“उठतात पण की कधीतरी,” अक्का म्हणाल्या. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गिऱ्हाइकाला किती कापड लागेल हे बघावं तसं. “पडायला येतं का गं तुला?”

“पडायला काय यायचंय? कोणालाही येतं.”

“मुद्दाम?”

मी हसायला लागले. पुढच्याच रविवारी मी त्यांच्या सरावाच्या सिमेंटच्या रिंकवर होते, पायात कोणाचे तरी मापापेक्षा मोठे स्केट होते आणि डोळ्यात पाणी होतं. पहिल्यांदा मी दोन्ही हात पुढे टाकून पडले होते. अक्का माझ्याभोवती चक्कर मारत ओरडत होत्या, “अय्यो, तशी नाही! गुडघे मोड. एका कुशीवर बस. हनुवटी छातीला लाव. आणि मुठी मिट मा, मुठी! बोटं पसरलीस तर मागच्या मुलीची चाकं जातील त्यावरनं.”

पळणं मला कधीच जमलं नाही. पण मी आडवी होते, म्हणजे उंचीने कमी आणि रुंदीने भरपूर, म्हणून त्यांनी मला गोलपोस्टात उभं केलं. “तू फक्त रस्ता अडव. रस्ता अडवायला तुला देवानेच केलंय.” असलं बोलणं दुसऱ्या कोणाकडून मी ऐकून घेतलं नसतं. माझ्या पायांचे पॅड गल्लीतल्या गादीवाल्याने पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात कापूस ठासून शिवून दिले. डोक्याला स्कूटरचं हेल्मेट, त्याला पुढून जाळी. संघाचे सदरे पोपटी रंगाचे, कारण दुकानात पोपटी अस्तराचा अख्खा तागा विकला न जाता पडून होता. आरशात स्वतःला बघितलं तेव्हा वाटलं, हे आईला कळता कामा नये.

आता ह्यातली गंमत अशी, की सगळ्यांना पाडणाऱ्या अक्का स्वतः कधीच पडायच्या नाहीत. तरुणपणी त्या मुलांच्यात घुसून चाकांवरची हॉकी खेळायच्या. तेव्हा एकदा अशा पडल्या, की उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. पुन्हा ह्या गुडघ्यावर पडलात तर सरळ चालणं विसरा, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं. अक्का त्यावर जाड पट्टा बांधून स्केटवर फिरायच्या, पण फार जपून. “मला कोणी पडायला शिकवलं नाही,” त्या म्हणायच्या, “म्हणून मी एकदाच पडले.”

केबल टीव्ही तेव्हा नुकता घरोघरी आलेला. एका संध्याकाळी त्यांनी दुकान भावावर टाकलं आणि मी ऑफिसातून आल्या आल्या मला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं. दुपारी त्यांनी कुठल्यातरी थंड देशातल्या बायका बर्फावर हॉकी खेळताना बघितल्या होत्या. आता तिथे साबणाची जाहिरात चालली होती, तरी अक्का पडद्याकडे बोट दाखवून सांगत राहिल्या.

“संघच होता बायकांचा. नवा काढलाय म्हणे. आणि पगार देतात त्यांना, पगार! खेळायचा!” मग म्हणाल्या, “त्यांच्याकडे बर्फ आहे, आपल्याकडे सिमेंट. चाकं लावली की झालं की.”

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. पगारी संघ. पोरींना खेळासाठी घरात भांडावं लागू नये, खेळ हीच नोकरी असावी. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, मला धरून. पण दुकानात परकराचं कापड घ्यायला आलेल्या बाईला ही बाई कापड फाडता फाडता विचारायची, “तुमच्या मिस्टरांच्या फॅक्टरीत खेळाडू घेतात काय हो?” अशा विचारण्यातूनच धागा लागत लागत त्या जे. पी. नगरकडच्या एका खाजगी कंपनीच्या मॅनेजरपर्यंत पोचल्या. मोटारींचे सुटे भाग करणारी कंपनी. कामगारांच्या वसाहतीत स्केटिंगसाठी बांधलेला मोठा हॉल होता, पुरुषांचा संघ होता. अक्कांनी किती चपला झिजवल्या ते त्यांनाच ठाऊक. शेवटी मॅनेजर म्हणाले, एक सामना आमच्या पुरुषांशी खेळा. मोठे साहेब बघतील. त्यांना पटलं तर मुलींना अर्धा दिवस ऑफिसात काम, अर्धा दिवस सराव आणि पूर्ण पगार. नाही पटलं तर पुन्हा हा विषय नको.

आमच्यात सगळ्यात वेगाने पळणारी मंजुळा होती. सराफकट्ट्यावर काम करणाऱ्या माणसाची मुलगी, तोंडातून शब्द निघायचा नाही, पण चाकांवर चढली की वारा. तिच्या वडिलांनी दावणगेरेचं स्थळ जवळजवळ ठरवलेलं. अक्का त्यांच्या घरी जाऊन बसल्या. मी सोबत होते.

“मुलीला नोकरी लागते, अण्णा. सामन्यापर्यंत थांबा की.”

“नाही लागली तर?”

“तर मीच येते लग्नाला. लाडू वळायला.”

वडील हसले आणि थांबायला कबूल झाले. मंजुळा दाराआड उभी होती. ती हसली नाही. बाहेर आल्यावर अक्का दोनदा मागे वळून त्या दाराकडे बघत राहिल्या. त्यांनी दुसऱ्याच्या लेकीचं आयुष्य एका सामन्यावर लावलं होतं आणि ते त्यांना चांगलंच कळत होतं.

सामन्याच्या दिवशी आम्ही त्या हॉलमध्ये शिरलो. आमचं सिमेंट खरबरीत, चाकं धरून ठेवणारं. इथे घोटून घोटून आरसा केलेली फरशी. पुढच्या रांगेत सोफे मांडलेले, टीपॉयवर फुलदाण्या. पुरुषांचा संघ निळ्या कपड्यांत सरसर वळणं घेत होता. आमचे पोपटी सदरे एका कोपऱ्यात गोळा झाले. पोरींच्या नजरा खाली.

“चला,” अक्का म्हणाल्या. “आधी...”

तेवढ्यात मॅनेजर लगबगीने आले. आमची पद्धत त्यांनी एकदा राजाजीनगरात येऊन बघितली होती. हळूच म्हणाले, “मॅडम, आज ये गिरना-विरना रहने दीजिए. साहब सामने बैठेंगे. अच्छा नहीं लगेगा.”

अक्कांनी सोफ्यांकडे बघितलं. फुलदाण्यांकडे बघितलं. मंजुळाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं काहीतरी होतं. ही बाई घाबरली होती.

“सरी,” त्या म्हणाल्या. “आज नको. मोठी माणसं आहेत.”

मला अजूनही वाटतं, तेव्हा कोणीतरी बोलायला हवं होतं. पण अक्काच नको म्हणाल्या तर आम्ही कोण?

साहेब आले, त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या, शिट्टी वाजली. आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या पोरी लाकडाच्या झाल्या. मी गोलपोस्टात, त्यामुळे सगळ्यांच्या पाठी मला दिसत होत्या. एकीचाही गुडघा वाकत नव्हता. अनोळखी, गुळगुळीत फरशीवर प्रत्येकजण फक्त एकाच गोष्टीचा विचार करत होती, पडायचं नाही, साहेबांसमोर पडायचं नाही. मंजुळा तर भिंत धरल्यासारखी कडेकडेनेच फिरत होती. निळे लोक आमच्यामधून असे जात होते जसे रिकाम्या रस्त्यावरून स्कूटर. चेंडू सारखा माझ्यावरच येत होता. तो कडक रबराचा चेंडू कापसाच्या पॅडमधूनही हाडाला लागायचा. काही अडवले, काही आत गेले. मीही उभ्याउभ्याच अडवत होते. आडवं व्हायची हिंमत माझ्यातही नव्हती.

मध्यंतराला आमच्यावर तीन गोल चढलेले. सोफ्यावर चहा आला. साहेब घड्याळ बघत मॅनेजरांशी काहीतरी बोलले आणि मॅनेजरांनी खांदे उडवले. ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. एक पोरगी रडायला लागली. मंजुळा रडत नव्हती, आपल्या काठीचं टोक नखाने कोरत बसली होती. तिला बहुधा दावणगेरे दिसत होतं.

अक्का फरशीकडे बघत उभ्या होत्या. मग खाली बसून त्यांनी स्केटच्या नाड्या आवळल्या, गुडघ्याचा पट्टा चाचपला आणि उठून हॉलच्या मधोमध निघाल्या. मला वाटलं, साहेबांशी बोलायला चालल्यात. हातापाया पडतील की काय म्हणून मी अर्धी उठले.

बरोबर मध्यावर, सोफ्यांच्या समोर, त्या थांबल्या. गुडघे मोडले, मुठी मिटल्या, हनुवटी छातीला लावली आणि पडल्या.

त्यांना डाव्या कुशीवर पडायचं होतं, हे मला त्यांच्या वळण्यावरून कळलं. पण ती फरशी त्यांच्याही ओळखीची नव्हती. चाकं सटकली आणि उजवा गुडघा खाली आला. आवाज झाला. तो आवाज अजूनही मधूनच मला ऐकू येतो.

प्रेक्षकांत कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. अक्कांनी एक हात टेकून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग तिथेच बसून त्यांनी आमच्याकडे मान वळवली आणि अंगणात ओरडायच्या तशाच ओरडल्या, “काय बघता गं? पडून घ्या!”

आधी मंजुळा पडली. मग सगळ्या. धप, धप, धप. मी माझे गादीचे पॅड आणि हेल्मेटसकट अशी पडले, जशी माडीवरून वळकटी फेकावी. लोक हसत होते, टाळ्या पिटत होते, आणि आम्ही त्या आरशासारख्या फरशीवर लोळत होतो. मी फरशी हाताने चाचपली. गार होती, निसरडी होती, पण जमीनच होती. शेजारी पडलेली मघाची रडकी पोरगी आता हसत होती.

मंजुळा आणि मी अक्कांना उठवलं. बाहेर नेताना कोणाला काही कळलं नाही, कारण पायाला चाकं होती. एका पायावर उभ्या राहून त्या नुसत्या घरंगळत गेल्या आणि लोकांना वाटलं, बाई किती सहज चालल्यात. त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली होती. ते वळ चार दिवस राहिले.

“अक्का, डॉक्टर...”

“स्वल्प गप्प बस. जा, रस्ता अडव.”

मध्यंतरानंतरचा खेळ कसा झाला ते मी नीट सांगू शकणार नाही. एवढं आठवतं की पोपटी सदरे सगळीकडे होते. पोरी वळत होत्या, आदळत होत्या, पडत होत्या आणि पडल्या तितक्याच झटक्यात उठत होत्या. निळ्यांना हे नवीन होतं. ते पडलेल्या मुलीसाठी थांबायचे आणि ती तोवर चेंडू घेऊन पसार. मंजुळाने एक गोल केला, मग दुसरा, आणि कोणाच्या तरी काठीला लागून तिसराही झाला. बरोबरी. हॉलमधले कामगार आता आपल्याच संघाविरुद्ध ओरडत होते. अगदी शेवटी त्यांचा सगळ्यात धिप्पाड गडी एकटाच माझ्यासमोर आला. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. त्याने काठी मागे नेली आणि चेंडू डावीकडे खाली येणार हे मला दिसलं. उभं राहून तो हाताला लागणार नव्हता.

मी विचार केला नाही. मुठी मिटल्या.

चेंडू माझ्या बरगडीवर बसला. शिट्टी वाजली तेव्हा मी फरशीवर आडवी होते आणि छताकडे बघून खुळ्यासारखी हसत होते.

साहेबांनी काय ठरवलं, ते त्यांच्या पत्नीने आधीच ठरवलं होतं असं नंतर कळलं. “ह्या मुलींना घ्या,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या. साहेब उठून आले आणि मॅनेजरांना सगळ्यांची नावं लिहून घ्यायला सांगितलं. पोरी ओरडत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. अक्का कोपऱ्यात खुर्चीवर बसून होत्या. मॅनेजर त्यांच्याजवळ वाकून म्हणाले, “मॅडम, कोच तो हमारे अपने हैं. और आपकी उमर भी... आप समझ रही हैं न?”

“सरी, सरी,” अक्का म्हणाल्या. “मुलींचं झालं ना?”

मला इतका संताप आला की मी काठी आपटली. अक्कांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

घरी येताना रिक्षात त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता. गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. वाटेत त्यांनी विचारलं, “शेवटचा बॉल मला दिसला नाही गं. पुढे माणसं उभी होती. कसा अडवलास?”

“पडले.”

“मुठी?”

“मिटलेल्या.”

“सरी,” त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

गुडघा पुन्हा सरळ झालाच नाही. अक्का काठी घेऊन दुकानात जायच्या, पाय स्टुलावर ठेवून कापड मोजायच्या. संघ नावारूपाला येत होता. मंजुळाचं लग्न पुढे गेलं, मग वडील तो विषयच काढेनात. मला माझी नोकरी होती, म्हणून मी कंपनीच्या संघात गेले नाही. माझ्या जागी खरंच गोलकीपर असलेली मुलगी आली. कंपनीचे कोच कडक शिस्तीचे. त्यांनी पहिल्याच दिवशी पडायची पद्धत बंद केली. कंपनीच्या नावाला शोभत नाही म्हणाले.

मग पोरींनी आपला मार्ग काढला. सामन्याला जाताना कंपनीची व्हॅन राजाजीनगरातून वळवायची, आमच्या गल्लीत थांबवायची. निळ्या कोऱ्या ट्रॅकसूटमधल्या मुली उतरून अंगणात यायच्या. अक्का ओट्यावर पाय लांब करून बसलेल्या. पायात चाकं नसली तरी पोरी रीतसर पडायच्या, एकामागून एक, आणि अक्का प्रत्येकीत खोड काढायच्या. “हनुवटी! हनुवटी बघ तुझी!” शेजारचे लोक कामधाम सोडून बघायला यायचे. शेवटी अक्कांची मान हलायची. “सरी. आता खेळा.” आणि व्हॅन निघून गेली की त्या बराच वेळ रिकाम्या अंगणाकडे बघत बसायच्या. तेव्हा माझा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून मी उगाच तुळशीला पाणी घालायचे.

पुढे माझं ऑफिस मारतहळ्ळीला गेलं आणि मीही तिकडे राहायला गेले. येते येते म्हणत येणं कमी झालं. एका सकाळी अक्का उठल्याच नाहीत, असा त्यांच्या भावाचा फोन आला. साधा ताप म्हणून झोपल्या होत्या.

काही महिन्यांनी माडीवर राहिलेली माझी ट्रंक न्यायला मी राजाजीनगरात गेले. भावाने घर विकायला काढलं होतं, दुकानही दुसरीकडे नेलं होतं. किल्ली घेऊन तो अजून यायचा होता. फाटकाला कुलूप, ओट्यावर पाला पडलेला. मी पिशवी घेऊन बाहेर रस्त्यावर उभी होते, तोच ओळखीचा हॉर्न ऐकू आला.

व्हॅन आली आणि फाटकासमोर थांबली. ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं. मुली उतरल्या. त्यातल्या निम्म्या नव्या होत्या, अक्कांना कधी न बघितलेल्या. मंजुळाने कुलपाकडे एकदा बघितलं, गुडघे मोडले आणि भर रस्त्यात पडली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. नव्या मुलीही पडल्या, मुठी मिटून, हनुवटी छातीला लावून, बिनचूक. कोपऱ्यावरचा फुलवाला गजरा विणायचा थांबला आणि त्याने मला विचारलं, “इथे कुठला देव आहे, अम्मा?”

मंजुळा अंगावरची धूळ झटकत माझ्याकडे बघत होती. बाकीच्याही बघत होत्या. मान हलवायला ओट्यावर कोणी नव्हतं, त्यामुळे सगळ्या जागच्या जागी खोळंबल्या होत्या. माझ्या अंगावर ऑफिसची साडी होती, कडक इस्त्रीची.

मी पिशवी खाली ठेवली आणि पडून घेतलं. मग उठून त्यांना म्हटलं, “सरी. आता खेळा.”